श्रमदानाची आखणी: मृगाच्या पावसापासून मागे मोजत यावे

ताई, आपण कळवले आहे की बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या सुमारे २०० उंबऱ्यांच्या गावाने येत्या उन्हाळ्यात श्रमदानातून डोंगरउतारावर सहा किलोमीटर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), ओढ्याच्या वरच्या फाट्यांवर २५ दगडी बांध, त्यांच्या खाली एक माती नालाबांध आणि गावाजवळ एक लहान सिमेंट बंधारा करण्याचे ठरवले आहे. ग्रामसभेत दीडशे हात वर झाले, तेव्हा एवढ्या माणसांच्या कामाची आणि दिवसांची आखणी कशी करावी, हा आपला प्रश्न आहे. मृद्‌संधारणाच्या कामात माझी २६ वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी लोकसहभागाच्या कामांवर गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. काही ठिकाणी आपल्या संकल्पाला कात्री लावावी लागेल, पण ती कागदावर आत्ताच लागलेली बरी.

ग्रामसभेत वर झालेले हात म्हणजे मनुष्यबळ नव्हे. तो गावाचा कौल आहे आणि त्याचे मोल मोठे आहे, परंतु चर कौलाने खणला जात नाही; जो माणूस सकाळी सहा वाजता माथ्यावर येऊन तीन तास टिकाव चालवतो, त्याच्याच हाताने तो खणला जातो. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात पहिल्या दिवशी नारळ फुटतो तेव्हा दीड-दोनशे माणसे असतात, पाचव्या दिवशी ती निम्म्यावर येतात, दहाव्या-बाराव्या दिवशी चाळीस-पन्नास उरतात, आणि काम डोळ्यांना दिसू लागले की शेवटच्या आठ-दहा दिवसांत पुन्हा वाढतात. यात गावाचा आळस शोधू नये. घरात म्हातारे आहे, गाय व्यायला झाली आहे, मुलीचे लग्न आहे, दुसऱ्याच्या रानात रोजंदारी मिळते आहे. माणसाचे दिवस असेच असतात. म्हणून आखणीसाठी पहिल्या दिवशीच्या हजेरीचा तिसरा हिस्सा धरावा असे मी सांगतो. आपल्या गावासाठी मी रोज ६० माणसे धरीन, याहून एकही जास्त धरणार नाही.

आता दिवस मोजू. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेमुळे ८ एप्रिल ते २२ मे हे ४५ दिवस महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या ओळखीचे झाले. तो काळ विचारपूर्वक निवडलेला होता. तोवर गहू, हरभरा आणि ज्वारीची काढणी-मळणी बहुतेक उरकलेली असते, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतू लागतात, आणि रोहिणी निघायला अजून अवकाश असतो. तुमच्या भागातून तर कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ती परत येण्यापूर्वी अवजड काम काढले तर गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुलेच उरतात, आणि ती परत येतात तेव्हा पाच-सहा महिन्यांच्या तोडणीने थकलेली असतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. त्यांना उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी माथ्यावर बोलावू नये.

या ४५ दिवसांतून आठवडी बाजाराचे सहा दिवस वजा करा. गावच्या आणि शेजारच्या गावांच्या यात्रेचे तीन धरा. अक्षय तृतीयेला घरोघरी पितरांचे जेवण असते. लग्नतिथींच्या दिवशी अर्धे गाव वऱ्हाडात असते. अधिक मास आला तर या तिथी पुढे-मागे सरकतात, म्हणून पंचांग समोर घेऊनच बसावे. एखादे मयत झाले तर त्या दिवशी काम बंद ठेवावे लागते आणि ते योग्यच आहे. हे सर्व वजा जाता ३२ सकाळी उरतात. रोज ६० माणसे आणि ३२ सकाळी यांचा गुणाकार १,९२० होतो. आपल्या गावाचे उन्हाळ्याचे भांडवल एवढेच आहे.

या भांडवलात काय बसते ते पाहू. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल अशा चरात दर मीटरला ०.१८ घनमीटर खोदाई येते. सहा किलोमीटरची खोदाई १,०८० घनमीटर होते. मुरमाड जमिनीत सवयीचा आणि बिनसवयीचा असे सगळे मिळून एक माणूस तीन तासांच्या सकाळी सरासरी ०.४ घनमीटर खोदतो, असा माझा अनुभव आहे; रोजचा खोदाईवाला मजूर याहून बरेच जास्त खोदेल, परंतु श्रमदानात शिक्षक, दुकानदार आणि कॉलेजची मुलेही असतात. म्हणजे चरांनाच २,७०० माणूस-सकाळी लागतात, आणि आपल्याजवळ आहेत १,९२०. त्यांतूनच दगडी बांधही व्हायचे आहेत. एका बांधाला सरासरी आठ घनमीटर दगड धरला तर २५ बांधांना २०० घनमीटर लागतो, आणि दगड वेचणे, हातोहात पोचवणे व रचणे या कामाला सुमारे ५७० माणूस-सकाळी जातात. चरांसाठी १,३५० उरतात, म्हणजे ५४० घनमीटर खोदाई, म्हणजे बरोबर तीन किलोमीटर चर.

तेव्हा माझा सल्ला असा की फलकावर सहा नव्हे, तीन किलोमीटर लिहावे. तीन किलोमीटरचे चर एकदा भरले की त्यांत ५ लाख ४० हजार लिटर पाणी थांबते आणि चांगल्या पावसाळ्यात ते पुष्कळदा भरतात; ही काही थोडी गोष्ट नाही. सहा ठरवून साडेतीन केले तर गाव हरल्यासारखे घरी जाते, आणि तीन ठरवून साडेतीन केले तर तेच गाव पुढच्या चैत्रात स्वतःहून माथ्यावर येते. काम तेवढेच झाले असले तरी पुढच्या वर्षीची हजेरी त्या फलकावरच्या आकड्याने ठरते.

माझे दुसरे सांगणे याहून महत्त्वाचे आहे आणि आखणीच्या तक्त्यात त्याला बहुधा रकानाच नसतो. श्रमदान फुकट नसते. एका माणसाच्या ३२ सकाळी म्हणजे ९६ तास होतात, आणि आठ तासांचा रोज धरला तर ती १२ दिवसांची मजुरी होते. बागायतदाराच्या घरातून एक मुलगा येतो तेव्हा त्या घराचे काही अडत नाही. भूमिहीन घरातून नवरा-बायको दोघे आले तर २४ दिवसांचा रोज बुडण्याची पाळी येते, आणि चर-बांधांमुळे ज्या विहिरींना पाणी वाढणार त्यांतली एकही त्यांची नसते. सर्वांनी सारखेच श्रमदान करावे हा नियम कानाला न्यायाचा वाटतो. प्रत्यक्षात तो ज्याच्याजवळ सर्वांत थोडे आहे त्याच्याकडून सर्वांत जास्त घेतो. हा विचार न केल्यामुळे चांगली सुरुवात झालेली कामे दुसऱ्या आठवड्यात बसलेली मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी गावातल्या पुढाऱ्यांनी त्याला एकी नाही असे नाव दिले आहे.

यावरचा मार्ग आपल्या जुन्या रिवाजांत आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या इर्जिकीत ज्याच्या रानात काम असे तो सर्वांना जेवू घालत असे, आणि सावडीत आज मी तुझ्याकडे आलो तर उद्या तू माझ्याकडे यायचे हे ठरलेले असे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या आदिवासी गावांनी पडकईच्या पद्धतीने एकमेकांची भातखाचरे घडवली. या सगळ्यांत श्रम उसने दिलेले असतात, दान केलेले नसतात, आणि म्हणून त्यांचा हिशोब चोख राहतो. आपणही हिशोब मांडावा. ज्यांच्या जमिनी आणि विहिरी खालच्या पट्ट्यात आहेत त्यांनी घरटी जास्त सकाळी द्याव्यात, किंवा माणूस देता येत नसेल तर ट्रॅक्टरची एक फेरी, माती नालाबांधावरच्या यंत्राच्या डिझेलचा वाटा किंवा एका दिवसाची न्याहारी द्यावी. भूमिहीन घरांसाठी रोजगार हमीतून मजुरीचे काम त्याच शिवारात, त्याच काळात निघेल असे पाहावे, म्हणजे त्यांना सकाळचे श्रमदान आणि पोट यांत निवड करावी लागणार नाही. शिवाय उतारावर वाढणारे गवत, नालाबांधातली मासेमारी आणि टंचाईतले पिण्याचे पाणी यांवरचा त्यांचा हक्क काम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावा. काम झाल्यावर हा विषय काढला तर तो कोणी ऐकत नाही.

रोजगार हमीचे काम जोडताना एक पथ्य कडकपणे पाळावे. हजेरीपत्रकावरचे मजुरीचे काम आणि श्रमदानाचे काम यांच्या जागा पूर्णपणे वेगळ्या असाव्यात. नकाशावर दोन रंगांत दाखवाव्यात आणि रानात खुंट्या रोवाव्यात. एकच मीटर दोन्हीकडे मोजला गेला की गावाची अब्रू जाते आणि चौकशीत मजुरांचे पैसे अडकतात. महाराष्ट्राला मजुरीच्या कामांचा अनुभव नवा नाही. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडण्यापासून पाझर तलावांपर्यंतच्या कामांवर होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. त्या अनुभवातून कामावर सावली, पिण्याचे पाणी, लहान मुलांची सोय आणि प्रथमोपचार असलेच पाहिजेत हा दंडक आला. श्रमदानात मजुरी नसते म्हणून हा दंडक ढिला होत नाही. या कामांची तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक यांना वेळ लागतो, म्हणून मागणी आणि ठराव दिवाळीच्या सुमारासच व्हायला हवेत. मार्चमध्ये अर्ज केला तर मंजुरी बहुधा आषाढात येते.

आता वेळापत्रक. ते जानेवारीपासून पुढे मांडत जाऊ नये, मृगाच्या पावसापासून मागे मोजत यावे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. पाऊस कधी त्याआधी येतो, कधी आठ-दहा दिवस ओढ देतो, आणि मेच्या मध्यावर वळवाची एखादी सर जोरात येऊन जाते. म्हणून २२ मेनंतर नवीन खोदाई अजिबात ठेवू नये. २३ मे ते ५ जून हे दोन आठवडे मोकळे ठेवावेत. त्यांत राहिलेली टोके जुळवणे, सांडव्याची, म्हणजे बांधातले जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेची, दगडी पिचिंग करणे, चरांच्या मातीच्या वरंब्यावर गवताचे बी टोकणे आणि झाडांचे खड्डे भरणे ही हलकी कामे करावीत. हे मोकळे दिवस कोणीतरी भरायला बघेल, विशेषतः उत्साही तरुण मंडळी. त्यांना ते देऊ नयेत. त्याच दिवसांत गावकऱ्यांना स्वतःच्या रानात वखरणी करायची असते आणि बी-बियाण्याची जुळवाजुळव करायची असते.

माझी एक चूक इथे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात मी १५० माणसे आणि ४० सलग दिवस धरून आखणी केली आणि १८ मेला नवा माती नालाबांध सुरू करायला संमती दिली, कारण गाव जोरात होते आणि त्याला नाही म्हणवले नाही. भराव चढला, पण सांडवा निघायचा राहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत जोराचा पाऊस झाला, पाणी भरावावरून गेले, बांध फुटला आणि त्याची सारी माती खालच्या दोन शेतकऱ्यांच्या काळ्या रानात पसरली. त्यातला एक शेतकरी रोज श्रमदानाला येत असे. तेव्हापासून माझ्या आखणीत प्रत्येक मातीकामाला एक शेवटची तारीख असते, आणि ती काम पूर्ण करण्याची नव्हे तर काम सुरू करण्याची शेवटची तारीख असते. आपल्या नालाबांधासाठी ती २५ एप्रिल ठेवा. त्या दिवशी यंत्र जागेवर नसेल तर तो बांध पुढच्या वर्षीचा. दगडी बांध अर्धवट राहिला तर फारसे बिघडत नाही, अर्धवट चरही चालतो, परंतु बिनसांडव्याचा मातीचा बांध नसलेलाच बरा.

सिमेंट बंधारा मात्र या ४५ दिवसांतून आत्ताच बाहेर काढा. कारण साधे आहे: पाणी. काँक्रीटला घट्ट व्हायला दिवस लागतात आणि त्या दिवसांत ते ओले राहावे लागते. कोरड्या उन्हात आणि आजकाल मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, आणि माझ्या मते १४ दिवस, रोज भरपूर पाणी मारले पाहिजे. मेमध्ये तुमच्या गावाला टँकर लागतो असे आपण लिहिले आहे. ज्या गावात बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत तिथे बंधाऱ्यावर पाणी ओतणे कोणालाही करवत नाही आणि करवू नये, आणि पाणी न मारलेले काँक्रीट पहिल्या दोन पावसाळ्यांतच उघडे पडते. म्हणून बंधारा फेब्रुवारीत, ओढ्याच्या डोहात किंवा विहिरीत अजून पाणी असताना उरकावा. पायाची खोदाई, वाळू चाळणे आणि दगड पोचवणे श्रमदानातून होऊ शकते. गवंडी आणि सळईचे काम करणारा यांना ठरलेली मजुरी द्यावी. कसबी कामगाराचे दिवस श्रमदानाच्या भरवशावर लावू नयेत. गवंडी जागेवर आला आणि पाया खडकाला लागलेला नाही किंवा वाळू आलेली नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा तो येत नाही. पाया किती खोल जाईल हे खोदल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून खोदाई पूर्ण होऊन पक्का खडक दिसल्यावरच त्याला तारीख द्यावी. सिमेंटची पोती आधीपासून आणून ठेवू नयेत. ती दमट हवेत आणि जुनी झाली की कमजोर होतात.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे जातो हे आपल्याला ठाऊकच आहे. वरचे चर आणि फाट्यांवरचे दगडी बांध पाण्याचा वेग आधी मोडतात, म्हणून खालचा बांध टिकतो आणि गाळाने लवकर भरत नाही. परंतु वेळापत्रकासाठी याचा आणखी एक अर्थ आहे. सुरुवातीचे दिवस हजेरीचे असतात आणि तेव्हा काम सर्वांत लांब, सर्वांत उंच जागी असते. नंतर हजेरी घटते तसे काम गावाजवळ येते. हे आपोआप जमून येते, त्याचा फायदा घ्यावा. पहिल्या आठवड्यात माथ्यावर जाण्यासाठी ट्रॅक्टरची सोय करावी. अर्धा तास चढून गेलेल्या माणसाचे तीन तास अडीच होतात, आणि ६० माणसांचा रोजचा अर्धा तास म्हणजे ३० तास वाया जातात.

यापुढे मी ज्यावर सर्वांत जास्त भर देईन ती गोष्ट म्हणजे आदल्या संध्याकाळची आखणी. सकाळी सहाला माणसे येतात आणि कोणी नळीलेव्हल (पातळी पाहण्याची पाणी भरलेली नळी) घेऊन उतार शोधत बसते, चुन्याची फक्की कोणाच्या घरी राहिलेली असते, सात वाजतात, ऊन चढते, आणि लोक हात बांधून उभे राहतात. असे तीन दिवस झाले की चौथ्या दिवशी ती माणसे येत नाहीत. त्यांना कष्टाचा कंटाळा आलेला नसतो, ताटकळण्याचा आलेला असतो. म्हणून चार जणांची एक आखणीटोळी वेगळी काढावी; त्यात दोन बाया असाव्यात, कारण माझ्या अनुभवात त्या समपातळीची रेषा जास्त काळजीने धरतात. या टोळीने टिकाव हातात घेऊ नये. तिने दुपार उतरल्यावर ए-चौकटीने (इंग्रजी A अक्षरासारख्या, ओळंबा लावलेल्या लाकडी चौकटीने) किंवा नळीलेव्हलने रेषा काढून चुना टाकावा. सराव झाला की एका संध्याकाळी ३०० मीटर आखून होतात आणि आपल्याला रोज लागतात ९०-९५. म्हणजे ही टोळी सहज दोन-तीन दिवस पुढे राहू शकते. चरातून निघालेली माती खालच्या अंगाला, काठापासून ३० सेंटीमीटर जागा सोडून टाकायची असते. ती रेषाही चुन्याने दाखवावी, नाहीतर पहिल्या सरीत माती परत चरात येते.

प्रत्येक टोळीला तिचा तुकडा नेमून द्यावा. एका माणसाचे ०.४ घनमीटर म्हणजे चराची २.२ मीटर लांबी होते. पाच जणांच्या टोळीला ११ मीटर. अकरा मीटरवर दगड ठेवावा आणि सांगावे की एवढे झाले की घरी जा. शेतमजुरीत उक्त्या कामाला जो वेग येतो तोच इथे येतो. साडेसातलाच तुकडा संपवून निघालेली टोळी पाहून इतरांना चेव चढतो, आणि ज्याला आठ वाजता रोजाला जायचे आहे त्याची मोठी सोय होते. टोळ्या करताना एक सवयीचा खोदणारा आणि बाकी नवखे असे मिसळावे. एकाच भावकीची किंवा एकाच वस्तीची टोळी करू नये. पाच माणसे रोज एकाच चरात घाम गाळतात तेव्हा त्यांच्यात जे बोलणे सुरू होते त्याची गावाला पुढे, पाणीवाटपाच्या वेळी, गरज पडते.

आपल्या आकड्यांनुसार आठ-नऊ टोळ्या चरावर आणि १८-२० माणसे दगडावर राहतील. त्यांना २० टिकाव, तेवढीच फावडी, १० पहारी आणि ३० घमेली पुरतात. टिकाव मुरमात तीन-चार दिवसांत बोथट होतो. गावच्या लोहाराशी आधीच बोलून ठेवावे की दर तिसऱ्या संध्याकाळी टिकाव त्याच्याकडे येतील आणि तो त्यांना धार लावून, पाणी देऊन सकाळपूर्वी परत करील. त्याचे हे काम श्रमदानाच्या हजेरीत धरावे. बाभळीचे २०-२५ जादा दांडे तासून ठेवावेत. बोथट टिकावाने खोदाई निम्म्यावर येते, आणि हे नुकसान हजेरीच्या वहीत कधीच दिसत नाही.

बायकांच्या वेळेचा विचार वेगळा करावा लागतो. सकाळी सहा ते नऊ ही वेळ पुरुषांना सोयीची म्हणून ठरते. बाईची तीच वेळ पाणी, शेण, चूल आणि मुले यांची असते. तरीही ती येते, आणि बहुतेक गावांत दगडाच्या साखळीत अर्ध्याहून अधिक हात बायकांचेच असतात. त्यासाठी ती चारला उठलेली असते. आपण स्वतः बचतगटात काम करता, तेव्हा हे मी सांगण्याची गरज नाही, पण तक्त्यात ते उतरवण्याची आहे. एक तर कामावरच सर्वांसाठी न्याहारी ठेवावी आणि ती रांधण्याची पाळी घरटी फिरती असावी, रांधणाऱ्यांची हजेरी खोदणाऱ्यांइतकीच मांडावी. किंवा संध्याकाळी पाच ते सात अशी दुसरी पाळी ठेवावी. मुलांसाठी माथ्यावर झाडाखाली पाळणा बांधून एखाद्या आजींना तिथे बसवावे. पौर्णिमेच्या आसपासच्या चार रात्रींत चांदण्यात काम काढता येते. स्पर्धेच्या वर्षांत अनेक गावांनी ते केले, परंतु दगड उचलण्याचे काम रात्री करू नये. दगडाखाली विंचू असतो, फुरसे असते. दिवसादेखील दगड पहारीने आधी उलथावा आणि मगच हात घालावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे की नाही याची चौकशी ७ एप्रिलपूर्वी झालेली असावी. साडेनऊनंतर एकही टिकाव चालू नये.

हजेरीचा फळा चावडीवर लावावा, पण त्यावर न आलेल्यांची नावे लिहू नयेत. कोणत्या टोळीने किती मीटर केले आणि एकूण किती झाले, एवढेच रोज लिहावे. दर आठव्या दिवशी, शक्यतो बाजाराच्या संध्याकाळी, पंधरा मिनिटे बसून आकडे ताडून पाहावेत. आठ दिवसांत ७०० मीटर व्हायला हवे होते आणि ५०० झाले असतील, तर हजेरी वाढवा असे आवाहन करण्यापूर्वी काम कमी करावे. शेवटचे अर्धा किलोमीटर चर त्याच बैठकीत पुढच्या वर्षावर टाकावेत. आवाहनाने हजेरी दोन दिवस वाढते आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत होते. काम वेळेवर कमी केले तर निदान सांडवा राहून जात नाही.

हिवरे बाजारचे नाव आपण पत्रात घेतले आहे. त्या गावाने १९८९नंतर जे उभे केले त्याचा श्रमदान हा एक पाया होता, तरी त्याच्या जोडीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही होती आणि ते सर्व अनेक वर्षे चालले. एका उन्हाळ्यात झालेले नाही. आपले गाव पहिल्या वर्षी तीन किलोमीटर चर करून त्यांवर गुरे जाऊ न देईल, तर ते त्याच वाटेवर आहे. कोकणातल्या आपल्या मैत्रिणीने हाच तक्ता मागितला आहे, तिला मात्र तो तसाच देऊ नका. तिथे रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात, आणि त्यांचा हंगाम बरोबर उलटा, भातकापणीनंतरचा असतो. २०-३० माणसे एका दिवसात एक बंधारा घालतात, म्हणून तिथे प्रश्न माणसे टिकवण्याचा नसून दिवस निवडण्याचा असतो: लवकर घातला तर परतीचा पाऊस पोती वाहून नेतो, उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही. ओढ्याची धार रोज पाहणाऱ्या माणसालाच तारीख ठरवू द्यावी.

शेवटचे काम तक्त्यात जूनच्या रकान्यात आत्ताच लिहून ठेवा. पहिला जोरदार पाऊस पडेल त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रत्येक टोळीने फावडे घेऊन आपापल्या अकरा-अकरा मीटरवरून चालत जावे. जिथे पाणी चरात एका टोकाला जमले आहे तिथे समपातळी चुकली आहे; तिथे मातीचा आडवा अडसर घालावा. जिथे वरंबा फुटला आहे तिथे लगेच दोन फावडी माती लावावी, कारण त्या दिवशी ते दहा मिनिटांचे काम असते आणि श्रावणापर्यंत तिथे घळ पडलेली असते. आखणीटोळीने त्याच वेळी नालाबांधाच्या सांडव्यावर उभे राहून पाणी कुठपर्यंत चढले याची खूण दगडावर रंगाने करावी. पुढच्या दिवाळीत कामाची मागणी लिहायला बसाल तेव्हा ही खूण आणि टोळ्यांनी सांगितलेल्या फुटलेल्या जागा, एवढे टिपण जवळ असावे.